तान्ह्या मुलांच्या घरात ग्रंथ आणि गाणे

कामगार चळवळीतला माणूस गोदाघाटाच्या या पटांगणावर बोलायला उभा राहिला, की तो वेतन, बोनस आणि महागाई यांच्यापलीकडे फारसा जाणार नाही अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती अगदीच चुकीची आहे असे नाही. यंदा आम्ही तान्ह्या मुलांच्या घरातील वाचन आणि गाणे हा विषय निवडला, तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले, की हा विषय तुमचा कसा? आमचे उत्तर असे, की हा प्रश्न मुळात वेळेचा आहे; आणि कामगार चळवळीचा निम्मा इतिहास हा वेळेचाच इतिहास आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी पहिल्या रांगेत होती. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. त्याच सुमारास, १८८६ साली, शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर आले होते. दिवसाचे तीन समान भाग करावेत, एक कामाला, एक विश्रांतीला आणि एक ज्याच्या त्याच्या मर्जीला, असा त्या मागणीचा हिशेब होता. हा जो तिसरा भाग, त्यातच वर्तमानपत्र येते, ग्रंथालय येते, भजन येते, नाटक येते आणि ही व्याख्यानमालाही येते. कामगाराला माणूस म्हणून जे काही व्हायचे असते ते या आठ तासांतच व्हायचे असते. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि या आठ तासांत पुष्कळ झालेले आहे, म्हणून त्यांची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

घरात मूल जन्माला आले की या तिसऱ्या भागाचे काय होते, हा आजचा प्रश्न आहे. आमच्या कचेरीत संध्याकाळी एक लहानसे वाचनमंडळ भरते. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतली दहापंधरा तरुण मुले-मुली येतात. लग्न झाले म्हणून येणे बंद केले असे क्वचित घडते; पण मूल झाले की खुर्ची रिकामी होते. पुरुष वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा दिसू लागतो. स्त्री बहुधा परत येतच नाही. या दोन वाक्यांतच आमच्या सांगण्याचे सार आहे. तथापि तिथपर्यंत पोचण्यापूर्वी अडचण नेमकी काय असते ते समजून घेतले पाहिजे.

नवजात बालक दिवसाचे सुमारे सोळा तास झोपते. हे ऐकून ज्यांच्या घरी मूल नाही त्यांना वाटते, की मग आईबापांना वेळच वेळ असेल. परंतु ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. त्याच्या पोटात मावते थोडे, म्हणून दर दोन-तीन तासांनी ते दुधासाठी उठते, आणि दिवस कोणता व रात्र कोणती याची जाण त्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांत नसते. म्हणजे आईच्या वाट्याला वेळ येतो तो वीस मिनिटे, तीस मिनिटे, असा सुट्या नाण्यांसारखा येतो. आणि तोही पुढच्या क्षणी काढून घेतला जाईल या धास्तीसकट येतो. वर तिची स्वतःची झोप मोडलेली असते. ज्याची झोप मोडली त्याची एकाग्रता आणि स्मरणशक्ती मंदावते. रात्रपाळीच्या कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांबद्दल आमचा सल्ला सरळ आहे. या काळात कोणताही संकल्प करू नये. मूल झोपले की आपणही झोपावे, आणि पुस्तक उशाशी न उघडता पडून राहिले तर त्याची लाज वाटू देऊ नये. मांडीवर मूल घेऊन खुर्चीत वाचता वाचता डुलकी लागणे हे धोक्याचे आहे, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर मात्र हळूहळू वाट सापडते. आणि गंमत अशी, की ती वाट मूलच दाखवते.

मूल आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत, ऐकू लागते. अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स या दोन संशोधकांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गर्भवती स्त्रियांनी शेवटचे दीड महिना रोज दोन वेळा एक ठरावीक गोष्ट मोठ्याने वाचली. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्या बालकांच्या तोंडात एक चोखणी दिली. ती चोखण्याची लय बदलली की एक गोष्ट ऐकू येई, निराळी केली की दुसरी. बालकांनी पोटात असताना ऐकलेली गोष्ट निवडली. दुसऱ्या बाईच्या आवाजात असली तरीही निवडली. गोष्टीचा अर्थ त्यांना कळणे शक्यच नव्हते. त्यांनी ओळखली ती वाक्यांची चाल, बोलण्याचा ठेका.

यातून आम्ही व्यवहाराचा निष्कर्ष काढतो तो असा. पहिले वर्षभर मुलाला तुम्ही काय वाचून दाखवता याला फारसे महत्त्व नाही. तुमचा आवाज आणि वाक्याची लय याला आहे. तेव्हा तुम्हाला जे वाचायचे आहे तेच मोठ्याने वाचा. कादंबरी वाचा, प्रवासवर्णन वाचा, वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचा. बाळ तक्रार करणार नाही. सोय पाहावयाची तर ज्याची प्रकरणे लहान आहेत असे पुस्तक घ्यावे. साने गुरुजींनी १९३३ साली याच नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्याची प्रकरणे रात्रींच्या हिशेबाने पाडलेली आहेत. एका रात्री एक गोष्ट. दमलेल्या माणसाला पेलेल असेच ते माप आहे.

वर्ष उलटले की मात्र मूल आपला हक्क सांगू लागते. त्याला चित्रे लागतात, त्याचे पुस्तक लागते, आणि एकच पुस्तक वीस वेळा लागते. या वेळी आईबाप कंटाळतात. परंतु गवयाचा शिष्य एकच पलटा शंभरदा घोटतो त्याला आपण रियाज म्हणतो. मुलाचे ‘पुन्हा, पुन्हा’ हाही रियाजच असतो. ते त्या पुनरावृत्तीतून शब्द पक्के करीत असते. हा काळ आपल्या वाचनाचा नाही, त्याच्या वाचनाचा आहे, असे समजून तो आनंदाने द्यावा.

आता गाण्याकडे वळू. पुस्तकाला हात आणि डोळे दोन्ही लागतात. गाण्याला दोन्ही लागत नाहीत. म्हणूनच आपल्या बायकांनी शतकानुशतके पुस्तकावाचून दिवस काढले, पण गाण्यावाचून काढले नाहीत. पहाटे जात्याचा खुंटा एका हाताने धरायचा, मांडीवर मूल घ्यायचे आणि ओवी म्हणायची. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या. पुढे हेमा राइरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी खेड्यापाड्यांत कार्यकर्त्या पाठवून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. लाखावर कविता, आणि त्यांतील बहुसंख्य रचणाऱ्या बायकांना अक्षरओळख नव्हती! त्यांत सासर-माहेर आहे, विठोबा आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत, सावकार आहे. म्हणजे मूल मांडीवर असतानाही माणसाची बुद्धी झोपत नाही, हे सिद्ध करण्यास दुसरा पुरावा नको. पण हेही विसरू नये, की ते गाणे दळणाबरोबर होते, दळणाऐवजी नव्हते. जे दळण टाळता येत नव्हते त्यात त्यांनी गाणे घातले. ते दिवस फार चांगले होते असे म्हणून आम्ही उसासा टाकणार नाही.

ओवीचा दुसरा धडा तिच्या लांबीचा आहे. श्वासाला पुरेल एवढी ती लहान असते. हाक आली तर थांबता येते आणि परत आल्यावर पुढची म्हणता येते. रागदारी ऐकणाऱ्याला वाटते की तास-दीड तासाची निवांत बैठक मिळाल्याशिवाय ऐकण्यात अर्थ नाही. तसे नाही. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँ आणि हिराबाई बडोदेकर यांनी तेवढ्यात रागाचा चेहरा उभा केला, आणि आमच्या आजोबांच्या पिढीने तेवढ्यावर आपला कान तयार केला. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेही आठवड्याला एक गीत या बेताने. गदिमांची छप्पन्न गीते सुधीर फडक्यांच्या चालींवर वर्षभर चालली. आठवडाभर लोक ते एकच गीत गुणगुणत असत. थोडे ऐकावे आणि ते मनात घोळवावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आजची अडचण उलट आहे. खिशातल्या फोनमध्ये जगातले सगळे गाणे आहे, आणि म्हणून ते दिवसभर नुसते वाजत राहते. ते ऐकणे नव्हे. तान्ह्या मुलाच्या दृष्टीनेही ते बरे नाही. घरात दूरचित्रवाणी सतत चालू असली, की आईबाप मुलाशी कमी बोलतात, असे अभ्यासांत आढळून आले आहे. आणि दोन वर्षांच्या आतील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. त्यापेक्षा महिन्याला एक राग घ्यावा, त्याच्या दोन-तीन लहान चिजा ठरवाव्यात आणि दिवसातून एकदा, हातात दुसरे काही नसताना, ऐकाव्यात. कानात यंत्र घालायचे तर एकाच कानात घालावे, दुसरा बाळासाठी मोकळा ठेवावा. एक फायदा तर केवळ तान्ह्या मुलाच्या आईबापांनाच मिळतो. ललित हा राग रात्र सरता सरता, उजाडण्यापूर्वी ऐकायचा. एरवी त्या वेळेला कोण जागे असते? बाळाने उठवलेला माणूस असतो.

पुस्तकांचा हिशेबही असाच मांडून पाहावा. रोज दहा पाने वाचली तर वर्षाला ३,६५० पाने होतात; दोनशे पानांचे एक पुस्तक धरले तर अठरा पुस्तके. रोज पाचच जमली तरी नऊ. आमच्या ओळखीच्या पुष्कळ मोकळ्या माणसांचे वाचन याहून कमी आहे. दहा पानांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ घरात नाही असे कोणी म्हणू नये. वेळ असतो. तो कोणाला मिळतो, एवढाच प्रश्न असतो.

आणि इथे आम्हाला आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. लग्नापूर्वी आमची पत्नी गाणे शिकत असे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेच्या परीक्षा तिने दिल्या होत्या, मध्यमेची तयारी चालली होती. माहेराहून येताना तिने पेटी आणली. पहिला मुलगा झाला तेव्हा पेटी माळ्यावर गेली; मग मुलगी झाली. आम्ही त्या वर्षांत कामगारांच्या आठ तासांवर सभा घेत फिरत असू. रात्री दहाला घरी यायचे, जेवायचे आणि दिव्याखाली पुस्तक उघडायचे, हा आमचा नेम होता आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. बाळ रडले, की आम्ही पुस्तकातून मान वर न करता म्हणत असू, “जरा बघ गं.” एका रात्री तिने मुलीला खांद्यावर थोपटता थोपटता शांतपणे विचारले, “अहो, पहिली पाळी माझी, दुसरी माझी, आणि रात्रपाळीही माझीच. तुमच्या युनियनमध्ये मला घेता का?” आम्ही हसलो. पुढच्या सभेत तो विनोद म्हणून सांगितलाही. त्याचा अर्थ कळायला आम्हाला आणखी काही वर्षे लागली. अकरा वर्षांनी पेटी खाली काढली तेव्हा भात्याला भोके पडली होती.

आम्ही पुस्तके वाचली ती कोणाच्या वेळात, हे त्या दिवशी उमगले. मालकाकडून मिळवलेले आठ तास आम्ही घरी आणले आणि त्यांतला घरकामाचा वाटा न उचलता सगळेच आपल्या मर्जीला लावले. दुसऱ्या कोणाची तरी मर्जी त्यांत संपली. हे आमच्याच घरात घडले असे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसाकाठी बिनमोबदल्याचे घरकाम करीत होत्या, तर पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करीत होते त्यांतही स्त्रियांना सरासरी २९९ मिनिटे लागत होती आणि पुरुषांना ९७. मुलांची व घरातल्या इतरांची काळजी घेण्याच्या कामाचे आकडे निराळे आहेत. ते काम २७.६ टक्के स्त्रिया रोज १३४ मिनिटे आणि १४ टक्के पुरुष ७६ मिनिटे करीत होते. वीस-पंचवीस मिनिटांची दहा पाने कुठे हरवतात, ते या आकड्यांत दिसते.

कायद्याने काही केले नाही असे नाही. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतीच्या लाभाचा कायदा झाला, १९६१ साली तो देशासाठी झाला, आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, हेही बंधन त्यातच आले. परंतु वीस माणसांच्या वर्कशॉपमधली बाई, धुणीभांडी करणारी बाई, शेतमजूर बाई यांच्यापर्यंत हे पोचत नाही. आणि बापाचे काय? केंद्र सरकारच्या नोकराला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या बापाला अशी रजा दिलीच पाहिजे असे सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. संघटनांनी करारात ही मागणी घातली पाहिजे. आम्ही घालू लागलो तेव्हा प्रथम हसले ते व्यवस्थापन नव्हे, आमचेच सभासद हसले.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरातल्या घरात एक करार करता येतो. तो लेखी असावा असा आमचा आग्रह आहे, कारण तोंडी करार कोण मोडतो हे चळवळीत आम्ही पुष्कळ पाहिले आहे. त्याची कलमे थोडी आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्णपणे आईची आणि एक बापाची, प्रत्येकी तीन तास. ज्याची संध्याकाळ असेल त्याने घराबाहेर पडावे किंवा दार लावून बसावे. आणि ज्याच्याकडे मूल असेल त्याने बाळाचे टोपडे कुठे ठेवले आहे हे विचारायला हाक मारू नये, शोधावे. रात्री अंगावर पाजण्याचे काम बापाला करता येत नाही हे खरे. पण ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे ही कामे त्याला करता येतात, आणि ती त्याची समजावीत. आजी घरात असेल तर तिच्या नावावर सगळे टाकू नये. तिलाही भजनीमंडळ असते, तिचीही संध्याकाळ करारात धरावी. जिथे आई एकटी आहे, किंवा दोघांच्या पाळ्या एकाच वेळी येतात, तिथे शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून मुले आळीपाळीने सांभाळावीत. चाळीत हे सहज होत असे. बंद दारांच्या इमारतीत ते ठरवून करावे लागते.

गावानेही आपला वाटा उचलावा. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचे आहे, याचा नाशिककरांना योग्य अभिमान आहे. गावोगावच्या वाचनालयांनी आठवड्यातली एक दुपार तान्ह्या मुलांच्या आयांसाठी ठेवली, एका खोलीत सतरंजी अंथरली आणि मूल रडले तर कोणी भुवया उंचावणार नाही एवढे पाहिले, तर फार खर्च येणार नाही. कीर्तनाला मुले पूर्वीपासून आली आहेत, मांडीवर झोपली आहेत, आणि त्यांच्यामुळे कोणाचे कीर्तन बुडालेले नाही. उघड्या पटांगणात हे सोपे असते. आम्ही बोलतो आहोत आणि मागच्या पायऱ्यांवर एक पोर रांगते आहे, यात आम्हाला व्यत्यय वाटत नाही.

आमच्या घरच्या पेटीचा भाता नवा घातला. आमची पत्नी आता मंगळवारी आणि शुक्रवारी क्लासला जाते, त्या वेळी स्वयंपाक आमच्याकडे असतो. ती म्हणते, गळा पूर्वीसारखा फिरत नाही. पेटी दुरुस्त करून मिळते, अकरा वर्षांचा रियाज कोणी दुरुस्त करून देत नाही. म्हणून हे सारे आम्ही आमच्या वयाच्या माणसांसाठी सांगत नाही. या पटांगणावर आज कितीतरी तरुण बाप बसले आहेत. त्यांची संध्याकाळ चांगली गेली असेल तर आम्हाला समाधान आहे. पण घरी जाताना त्यांनी एवढे मनाशी विचारावे, की या घटकेला आपले बाळ कोणाच्या मांडीवर आहे. आणि उद्याच्या व्याख्यानाला तिला पाठवून आपण घरी थांबावे.